मी उतरणार नाही

"घोटा सुजलाय, बाबा. मी उतरणार नाही," म्हणत देवयानीनं स्केटची नाडीच सोडली.

स्केटिंग स्पर्धेत तिचं नाव पुकारलं जात होतं. बाबा लालबुंद झाले. "वर्षभर पहाटे उठून तुला क्लबात सोडलं, ते याचसाठी? मॅडम, तुम्ही तरी समजवा हिला!"

प्रशिक्षक मॅडमनी वाकून घोटा पाहिला. "दुखतंय हे सांगणं तिचं काम होतं, तिनं केलं. ऐकणं तुमचं-माझं काम."

"हातचं मेडल जाईल!"

"जाऊ दे," देवयानी म्हणाली. मान ताठ होती.

पुढचं नाव क्लबातल्याच धाकट्या मुलीचं होतं. देवयानी लंगडत कठड्यापाशी गेली आणि तिच्यासाठी घसा फोडून ओरडली.

बाबा मागोमाग आले. राग गेला नव्हता, पण टेकायला त्यांनी खांदा पुढे केला.