दोघांचा परवाना

“हा मजुरांचा.” यज्ञेशने एक फॉर्म बोटाने बाजूला सरकवला. “आणि हा माणसांचा. बरोबर ना?”

डोंबिवलीतल्या त्या दहा बाय दहाच्या गाळ्यात कुंडलिकराव परदेशी परवान्यांची कामं करत. पूर्वी तिथेच त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि यज्ञेशच्या लेखी ते अजून झेरॉक्सवालेच होते.

“तसं नाही साहेब,” कुंडलिकराव म्हणाले. “हा काम परवाना. दीड-दोन महिन्यांत हातात. पण एकट्याचा, आणि त्या एका नोकरीपुरता. तो दुसरा निवास परवाना. नवरा-बायको दोघांचा एकदम. पण पाच-सहा महिने धरा. तेवढं ते नोकरी देणारे लोक थांबतील का, ते आधी बघा.”

“थांबतील. गरज त्यांना आहे.”

त्याची बायको निशा शेजारच्या खुर्चीत बसली होती. हॉस्पिटलमधून थेट आलेली, युनिफॉर्मवर ओढणी टाकून.

“आणि नाही थांबले तर?” तिने विचारलं.

यज्ञेश कुंडलिकरावांकडे बघून हसला. “हिच्या माहेरची, शहाडची माणसं. लगेच घाबरतात.”

कुंडलिकराव हसले नाहीत. “साहेब, घरी बसून ठरवा. एकदा अर्ज गेला की मग बदल नाही.”

“ठरलंय. निवास परवाना. दोघं जायचं, नाहीतर कोणीच जायचं नाही.”

ऐकायला वाक्य फार गोड होतं. तिकडे धुण्याभांड्याला बाई मिळत नाही, हे त्याने आदल्याच आठवड्यात मोबाइलवर वाचलं होतं.

वर्तकनगरच्या त्यांच्या सोसायटीत एव्हाना पेढे वाटून झाले होते. “आमची तिकडची नोकरी पक्की झाली,” जिन्यात भेटेल त्याला यज्ञेश सांगायचा. तीन इंटरव्ह्यू झाले आणि तिन्ही वेळा त्याने आईला मालिका बंद करायला लावली, हेही सांगायचा. त्याची आई, सगुणाबाई, एवढंच म्हणायची, “जायचं तर जोडीने जावं. एकट्याने गेलं की लोक तोंडाला येईल ते बोलतात.”

नाक्यावरच्या विकीने फ्लेक्स लावला. ‘युरोप गाजवायला निघालेले आमचे मार्गदर्शक’. गॉगलमधला फोटो यज्ञेशने स्वतःच पाठवला होता. फ्लेक्सखाली उभं राहून त्याने त्या फ्लेक्सचाही फोटो काढला. माणसाला स्वतःचं कौतुक किती पुरतं, याला काही माप नसतं.

तो एका कुरिअर कंपनीत अकरा वर्षं असिस्टंट मॅनेजर होता. तिथे त्याने राजीनामा दिला. निघताना मॅनेजरला सुनावलं, “तुम्ही सडा इथेच.” मॅनेजरने हात मिळवला आणि त्याच दुपारी त्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवला.

निशा कणीक मळताना कानात इअरफोन घालून तिकडची भाषा ऐकायची आणि पुटपुटायची. यज्ञेशला त्याची गंमत वाटायची.

“भाजीवाल्याशी बोलायला एवढं कशाला लागतं गं? इंग्लिशवर भागतं सगळं.”

“असू दे. येईल उपयोगी.”

अर्ज भरायच्या दिवशी त्याने स्वतःचा पासपोर्ट आणि सहा फोटो तिच्यापुढे टाकले.

“एकदा बघतोस का फॉर्म?” निशा म्हणाली. “तुला नीट समजावून सांगते.”

“कारकुनी कामं मला सांगू नकोस यार. तुझं तू बघ.”

“म्हणजे मला योग्य वाटेल तसं भरू?”

“अगं भर ना! दहादा काय विचारतेस?”

तिने फॉर्म स्वतःकडे ओढला. तो टीव्हीकडे बघत होता. मग तिने पेनचं टोपण काढलं.

दोन महिने होतात न होतात तोच तिने जेवताना सांगितलं, “परवाना आला.”

यज्ञेशने ताटावरच टाळी वाजवली. “बघ! सहा महिने म्हणत होता तो झेरॉक्सवाला. अक्कल नसते या लोकांना. उघडू नकोस हं पाकीट. रविवारी सत्कारात, सगळ्यांसमोर उघडू.”

“सगळ्यांसमोर? नक्की?”

“हो! कळू दे ना लोकांना.”

रविवारी सोसायटीच्या गच्चीवर मांडव पडला. समोसे आले, माईक आला. निशाचे आईवडील, शेवंतीबाई आणि महिपतराव, शहाडहून तासभर आधीच पोचले होते. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी आहेत, असं सांगून यज्ञेशने त्यांना मागच्या रांगेत बसवलं. सासरेबुवा निमूटपणे गेले. त्यांना या जावयाची सवय होती, आणि त्याची चीडही होती.

सेक्रेटरी भिवाजीकाकांनी शाल घातली, नारळ दिला. यज्ञेशने माईक घेतला.

“काम करायला काय, कोणीही जातं परदेशात. मजूरही जातात. आपण राहायला चाललोय. मानाने! काहींना वाटतं, हे नशीब आहे. नशीब नाही. लायकी लागते.”

टाळ्या पडल्या. विकीने शिट्टी मारली. निशाने पर्समधून पाकीट काढून भिवाजीकाकांच्या हातात दिलं. काका बँकेतून रिटायर झालेले. इंग्रजी कागद मराठीत करून खणखणीत वाचायची त्यांना हौस होती, सोसायटीच्या सगळ्या नोटिसा तेच वाचत.

काकांनी पाकीट फाडलं. आत एकच पासपोर्ट होता आणि एक कागद. कागदावरून त्यांनी दोनदा नजर फिरवली, चष्मा पुसला आणि निशाकडे पाहिलं.

“वाचा ना काका,” यज्ञेश म्हणाला. “लाजताय काय?”

“वाचा काका,” निशाही म्हणाली.

काका माईकजवळ सरकले. “परवानाधारक, निशा महिपत घुडे. पद, परिचारिका, जिल्हा रुग्णालय. परवान्याचा प्रकार, काम. सोबत येणारा जोडीदार, कोणी नाही.”