मातीतलं सोनं

"पाटीवर सोनेरी नाणं टाका असं लिहिलंय ना? मी सोन्याचंच आणलंय," म्हणत व्हर्नाने रुमालाची गाठ सोडली आणि नाणं मर्व्हच्या तळहातावर ठेवलं.

ऑस्ट्रेलियातल्या मॉल्डन गावच्या चर्चचं छप्पर गळत होतं. त्यासाठी दर रविवारी दुपारी भजनं व्हायची आणि ऐकायला येणारा प्रत्येक जण दाराशी दोन डॉलरचं पिवळं नाणं डब्यात टाकायचा. डबा सांभाळायला मर्व्ह पास्को बसे.

त्याने डबा बाजूला सारला. साल १८५८, सिडनीची टांकसाळ, राणीच्या केसांत बँक्सियाच्या पानांची माळ. हेच नाणं तो एकतीस वर्षं शोधत होता. त्यासाठी त्याने लिलाव पालथे घातले, दुकानं धुंडाळली. बायको म्हणे, स्वर्गात सोन्याचे रस्ते आहेत, पण हा मेला तिथेही आधी साल विचारील.

नाणं क्लॅरीचं होतं. क्लॅरी म्हणजे व्हर्नाचा नवरा, मर्व्हच्या शेजारी उभा राहून खर्जात गाणारा. यंदाच्या थंडीत तो गेला. धाकटी पाळण्यात होती तेव्हा जुन्या खाणींच्या माळावर धातू शोधणारं यंत्र फिरवताना त्याला ते सापडलं, असं व्हर्ना सांगत होती. दुष्काळात मेंढरं विकली, पण हे नाही विकलं. मर्व्हला दाखवू या म्हटलं की तो विषय बदलायचा. तू गळ घालशील अशी धास्ती असेल, म्हणून ती हसली.

मर्व्हने भिंग काढलंच नाही. नाणं उन्हात तिरकं धरलं. झळाळी टांकसाळीतून निघाली तशीच होती. वाळूत पडलेल्या नाण्यावर बारीक ओरखडे उठतात, अक्षरांच्या खाचांत तांबडी माती बसते. इथे तसलं काही नव्हतं. कडेला एक टवका तेवढा होता, तो त्याच्या नखाला न शोधता लागला.

घासलेल्या नाण्याला नुसत्या सोन्याचा भाव मिळतो. 'घासलंय' एवढं म्हटलं असतं, तर व्हर्नाने ते त्यालाच देऊन टाकलं असतं.

"बोल की आता," ती म्हणाली.

"एक नंबर आहे. अर्धं छप्पर होईल ह्यात. लिलावालाच पाठव."

व्हर्ना जरा जवळ सरकली. तिचा आवाज उतरला. "खरं सांग, मर्व्ह. मातीतलंच आहे ना? मला कधीकधी वाटायचं..."

मर्व्हने नाणं तिच्या रुमालात ठेवलं आणि गाठ स्वतःच मारली.

"मातीतलंच. हा रंग मातीशिवाय चढत नाही."

व्हर्नाने डोळे पुसले आणि आत जाऊन पहिल्या बाकावर बसली. पेटीने सूर धरला. त्या दुपारी खर्जाची बाजू मर्व्हने एकट्याने उचलली, दोघांच्या वाटची, आणि गाताना त्याला फार हलकं वाटलं.

सोमवारी सकाळी तो पोलीस ठाण्यात गेला आणि एकतीस वर्षांपूर्वी आपल्या कपाटातून चोरीला गेलेल्या नाण्याची तक्रार त्याने मागे घेतली.