फिकी बाजू

नाट्यगृहाकडे जाणारा रस्ता मास्तरांनी सकाळपासून दोनदा चुकवला होता. एकदा पुलाचं निमित्त करून, एकदा नव्या वाचनालयाचं. पण त्यांचा जुना मित्र लंबू चौतीस वर्षांनी गावात आला होता, आणि काय पाहायचं ते तो घरूनच ठरवून निघाला होता.

"जाड्या, पूल झाला, वाचनालय झालं, पाण्याची टाकीसुद्धा बघून झाली," लंबू म्हणाला. "माणूस पाहुण्याला टाकी दाखवायला लागला की समजावं, काहीतरी लपवतोय."

जाड्या म्हणणारं गावात आता कोणी उरलं नव्हतं. मास्तर वाळून काटकी झाले होते. शिवाय पेठेत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि लहानथोर त्यांना अहो-जाहो करत. "चल," ते म्हणाले.

रखवालदाराने मास्तरांना ओळखून दार उघडलं आणि मंचावरचे दिवे लावले. लाल मखमलीचा पडदा बंद होता. दिवे लागले तसे त्याचे दोन अर्धे भाग दोन रंगांचे दिसले. उजवा गडद, डावा फिका, धुऊन धुऊन विटल्यासारखा. कापड मात्र एकाच ताग्यातलं. मखमलीची लव एका दिशेला झोपलेली असते. कापताना वरची बाजू खाली गेली की उजेडात रंग बदलतो, आणि मग शिंप्याने कितीही डोकं आपटलं तरी तो परत येत नाही.

"अजून तोच ठेवलाय?" लंबूने विचारलं.

"बदलायचा कशाला?" रखवालदार म्हणाला. "आता सवय झालीय लोकांना. तिकीट काढतानाच सांगतात, फिक्या बाजूला द्या म्हणून. तिकडे पंखा चांगला लागतो."

तो बाहेर गेला तसा लंबू हसला. "बघ. माझ्या नावाचा रस्ता नाही, चौक नाही. पण अख्खी बाजू आहे."

मास्तरांना हसू आलं नाही. दोघं गुडघे धरत मंचाच्या पायऱ्या चढले. लंबूने फिक्या मखमलीवर तळहात ठेवून खालून वर नेला. लव खरखरत उभी राहिली. वरून खाली आणला, तशी गुमान झोपली.

"चाळीस वार कापड," तो म्हणाला. "दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. टेबलाच्या एका अंगाला तू, एका अंगाला मी. वरचं टोक दाराकडे ठेवायचं, असं आपल्या दुकानाच्या मालकांनी, मोठ्या मास्तरांनी, बजावलं होतं. एकाने ते खिडकीकडे ठेवलं. पडदा टांगल्यावर मोठ्या मास्तरांनी विचारलं, हा अर्धा कुणाचा? मी आठवायला लागलो तर आठवेचना. तुझ्याकडे बघितलं. तू गप्प होतास. म्हटलं, याचा असता तर हा बोलला असता. मग माझाच असणार."

मास्तरांना ती दुपार लख्ख आठवत होती. मोठ्या मास्तरांनी लंबूच्या हातातली कात्री काढून घेतली होती. लंबू त्याच संध्याकाळच्या गाडीने शहरात गेला आणि कापणाऱ्याची जागा दुसऱ्या दिवशी जाड्याला मिळाली. पुढचं सगळं, दुकान काय आणि मास्तर हे नाव काय, त्या जागेतून आलं होतं.

"पण तिकडे जाऊन चांगलं झालं तुझं," मास्तर म्हणाले. हे वाक्य ते चौतीस वर्षं स्वतःला ऐकवत आले होते. "मोठमोठ्या लोकांचे कपडे कापले असशील."

"छे रे. नंतर कात्री धरली की हात थरथरायचा. काजं-बटणं करत आलो. आता घरी सून कापते, मी काजं करतो." त्याने हवेतच एक टाका घातला. "काजं मात्र फर्मास करतो हं."

मास्तर पडद्याकडे बघत राहिले. त्यांना स्वतःची मनापासून शरम वाटली.

"एक विचारू? खरं तर त्यासाठीच आलो," लंबू म्हणाला. "तू समोरच उभा होतास. मी कापड उलटं धरलं, तेव्हा तुला दिसलं नाही का रे?"

नाही म्हणणं सोपं होतं. लंबू उद्या गाडीत बसला असता आणि विषय कायमचा मिटला असता.

"तू नाही धरलंस," ते म्हणाले. "हा अर्धा मी कापलाय. टांगला तेव्हाच मला कळलं होतं."

लंबूने चार शिव्या हासडल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्याने फिक्या मखमलीवरचा हात काढला, मधली फट ओलांडली आणि तो गडद बाजूसमोर जाऊन उभा राहिला. या बाजूला त्याने अजून हात लावला नव्हता.

"म्हणजे हा माझा?"

"तुझा."

लंबूने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. वाकून खालची दुमड उलटून पाहिली, एकेक जोड बोटाने चाचपला. मग तळहात मखमलीवर ठेवला आणि टाचा उंचावून पोचेल तितका वर नेला. लव कुठेच अडली नाही.

"किती सरळ कापलंय रे," तो म्हणाला.