खिडकीखालची हाडं

लासमीच्या धाकट्या काकाचं लग्न झालं, त्याच वर्षी जावातल्या त्यांच्या गावात भात पोटरीतच करपलं. आणि त्याच वर्षी तिच्या सावत्र आईने, पैनेमने, घरामागच्या डबक्यातला सोनेरी मासा शिजवला.

आठ वर्षांच्या लासमीचे पाय भुकेने सुजले होते. तिला उठवत नव्हतं. तीन दिवस पैनेमने तिला वाटीभर गरम रस्सा पाजला. चौथ्या दिवशी पोर भिंत धरत डबक्याशी गेली. पाण्यात काहीच नव्हतं.

त्या माशात तिची आई होती. ती जुनी लोककथा गावात सगळ्यांना ठाऊक होती. मेलेली आई मासा होऊन पोरीकडे येते आणि सावत्र आई तो मासा खाऊन टाकते. लासमीला ती पैनेमनेच सांगितली होती. डबक्याकडे बोट दाखवून म्हणाली होती, "ती बघ तुझी आई."

"मावशी, तू माझ्या आईला खाल्लंस!"

शेजारची सुकिनाह कुंपणापलीकडून म्हणाली, "सावत्र ती सावत्रच. गोष्टीतली काय अन् घरातली काय!"

पैनेम चुलीपुढून उठली नाही. केळीच्या पानात बांधलेली हाडं तिने पुढे केली.

"गोष्टीतल्या पोरीनं पुरली होती ना? तूही पूर खिडकीखाली. मला हव्या तेवढ्या शिव्या दे. पण उरलेला रस्सा पी."

लासमीने हाडं पुरली. रस्सा प्यायली, तोंड फिरवून. त्यानंतर ती पैनेमशी बोलली नाही.

दहा दिवसांनी काका शहरातून मका घेऊन आला. तोवर उशीर झाला होता. आदल्या संध्याकाळी पैनेम चुलीपुढेच कलंडली होती.

मयताचं अंग धुवायला सुकिनाहच आली. बाहेर येऊन ती पायरीवर बसली. "पोट पाठीला लागलंय गं हिचं. हिनं कसला मासा खाल्ला!"

लासमीचा बाप दारातून पुढे आला. म्हणाला, "मासा तिनंच बाजारातून आणला होता, लासमी. आई गेल्यावर तू घास गिळत नव्हतीस, म्हणून."

लासमी उठली आणि खिडकीखाली उकरू लागली.

"हाडं कशाला काढतेस?" बापाने विचारलं.

"हिच्या कबरीत ठेवायचीत."

"मावशीच्या?"

"आईच्या."

पैनेम वारली ती रमजानच्या आधीच्या रुवह महिन्याच्या सोळाव्या दिवशी, भुकेने.