खालच्या माणसाची खूण

क्रेनवाल्यानं फेटलेल्या अंड्यात एक लाल मिरची चिरून टाकली. थोडा विचार केला आणि तिच्या जोडीला दुसरी टाकली. कांदा आधीच पडला होता. त्यात मिसळलेला खिमा बायकोनं सकाळी शिजवून ठेवला होता, म्हणजे तसं पाहिलं तर आयत्या पिठावर रेघोट्याच; पण आव मात्र असा, की अख्ख्या पंक्तीचा स्वयंपाक एकट्याच्या अंगावर पडलाय.

"ती मोठी परात कशाला काढली?" आतल्या खोलीतून बायकोनं इस्त्री करता करता विचारलं.

"लागेल."

"एका पावाला?"

त्यानं परात आणखी पुढे ओढली. सहा वर्षं तो परक्या बंदरात जहाजांवरचा माल उतरवत होता. बंदराच्या फाटकाबाहेर एक बाई गाडी लावून हा अंड्याचा पाव करायची, आणि पाळी संपली की तो तिच्या तव्यासमोर उभा राहून खायचा. बघून बघून आपल्याला येतो, अशी त्याची समजूत होती.

अकरा वर्षांची मुलगी ओट्याला पाठ करून टेबलावर भूमितीच्या आकृत्या काढत होती. तो कायमचा घरी आल्याला तीन आठवडे झाले होते. ती त्याच्याशी वाईट वागत नव्हती. पाहुण्याशी वागावं तशी चांगली वागत होती. पाणी आणून द्यायची, विचारलं तेवढं सांगायची, आणि जेवायच्या वेळी आपलं ताट घेऊन आत जायची. तीन आठवड्यांत तिनं त्याच्यासमोर एक घास खाल्ला नव्हता. हे त्याला फार लागलं होतं, पण बोलून दाखवायला तोंड उघडत नव्हतं. म्हणून हा पाव.

त्यानं तापल्या तव्यावर तेल सोडलं, अंडं ओतलं, लांबट पाव मधोमध चिरून उघडला आणि अंड्यावर पालथा घालून उलथन्यानं दाबून धरला. इथपर्यंत सगळं गाडीवरच्या बाईसारखं झालं. मग तो थांबला, आणि थांबूनच राहिला. धूर आला, वास आला, तरी उलथनं हाललं नाही.

"जळतंय," मुलगी मागे वळून म्हणाली.

"मग सांगायचं ना."

"मी? तुम्हाला दिसत नव्हतं?"

"नाही. अंडं पावाखाली. वरून काय दिसणार?"

त्यानं पाव उलटला. खालची बाजू कोळसा झाली होती. मुलगी पेन्सिल हातात तशीच धरून जवळ आली आणि त्या कोळशाकडे बघत राहिली. हसायचं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं.

"सवय आहे," तो ओशाळून म्हणाला. "आम्ही वर केबिनमध्ये. माल खाली जहाजाच्या पोटात, अंधारात. आम्हाला दिसत नाही. खालचा माणूस खूण करतो. हात आडवा धरला की थांब. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. त्यानं खूण केल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही."

"आणि त्याची खूण चुकली तर?"

"सहा वर्षांत एकदाही नाही चुकली."

"मग आता तो कुणाला खुणा करतो?"

"दुसऱ्या कुणाला तरी करत असेल."

तिनं पेन्सिल कानामागे खोचली. खाली वाकली आणि तव्यापासून हातभर लांब, ओट्याच्या पातळीवर डोळे आणले. "इथून कडा दिसते," ती म्हणाली. "दुसरा लावा."

त्यानं अंडं ओतलं, पाव पालथा घातला, उलथनं टेकवलं आणि तिच्याकडे पाहिलं. हात आडवा. तो थांबला. तेल चरचरत होतं. हात आडवाच. कपाळावर घाम आला तरी त्यानं तो पुसला नाही, आणि गेल्या तीन आठवड्यांत इतकं बरं त्याला वाटलं नव्हतं.

"एवढं शांत का झालं?" बायको आतून म्हणाली. "काही पेटवलंत की काय?"

मुलीनं बोट वर केलं आणि गोल फिरवलं. त्यानं पाव उलटला. अंडं पावाला सगळीकडून चिकटलं होतं, सोनेरी, कुठेही न फाटता.

त्यानं वरून तिखट सॉस ओढला, काकडीच्या चकत्या ठेवल्या, पाव मिटून चार तुकडे केले आणि ताटली तिच्यापुढे सरकवली. मग तो पाठ करून, पुसलेलाच ओटा परत पुसायला लागला.

"झालं असेल तर ताट घेऊन ये गं," बायकोनं हाक मारली. "पलंगावरचे कपडे उचलते मी."

त्याला राहवलं नाही, त्यानं वळून पाहिलं. मुलीनं वही बाजूला सारली होती आणि ती टेबलापाशी बसून खात होती. तीन तुकडे संपले होते. कान लाल झाले होते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चौथा तुकडा अख्खा तोंडात होता.

"तिखट झालं का फार?"

तिला बोलता येईना. तवा रिकामा होता, तरी तिनं बोट वर केलं आणि गोल फिरवलं.

त्यानं दोन अंडी फोडली.