चिकटवलेली पाकिटं

पाकिटं चिकटवलेली होती. चषकांशेजारी टेबलावर ठेवलेली ती दोन पांढरी पाकिटं आत्याने तिसऱ्या रांगेतून बघितली, चष्मा पुसून पुन्हा बघितली, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

भाची शेजारीच बुटांच्या नाड्या सैल करत बसली होती. नुकतीच टेनिसची फायनल जिंकून आली होती, केस अजून घामाने ओले होते. डाव्या हाताने खेळायची म्हणून क्लबात तिला सगळे डावरी म्हणत. आत्या तिच्या कानाशी लागली. पाणी कुठेतरी मुरतंय, म्हणाली. एवढी वर्षं हा क्लब उघडी पाकिटं देत आला, यंदाच डिंक कसा सुचला?

डावरी हसली. आत्याच्या संशयाची घरात चेष्टाच चालायची. डॉक्टरांनी गोळी पुढे केली की ही बाई म्हणायची, आधी तुम्ही घ्या बघू.

पण यंदा गोष्ट चेष्टेवारी नेण्यासारखी नव्हती. बायकांचं बक्षीस पुरुषांच्या निम्मं, म्हणून मागच्या वर्षी डावरी स्पर्धेत उतरली नव्हती आणि तिच्यामागे बाकीच्या मुलीही. क्लबाचे चिटणीस तेव्हा जाम ऐकेनात. पुरुष पाच सेट खेळतात, तुम्ही तीन, मग बक्षीस सारखं कसं, हेच त्यांचं पालुपद. या वर्षी मात्र गडी एका बैठकीत मऊ पडला. दोघांना सारखंच देऊ, शब्द देतो, म्हणाला. तोच शब्द डावरीने घरोघरी जाऊन मुलींना दिला, तेव्हा कुठे त्या आल्या. आता त्यात खोट निघाली तर चिटणिसांचं काय जाणार होतं? तोंडघशी पडणार ती डावरी.

"माणूस सुधारला असेल गं, आत्या."

"माणूस एका बैठकीत सुधारत नाही. फार तर हुशार होतो."

मग तिथेच उघडून बघते, डावरी म्हणाली. आत्याने मान हलवली. स्टेजवर पाकीट फोडून नोटा मोजायला लागलीस, तर उद्या सगळा क्लब म्हणेल, पोरगी पैशाला हपापली आहे. घरी नेऊन फोडलंस आणि कमी निघाले, तर म्हणतील, वाटेत काढून घेतले. डिंक काय उगाच लावलाय?

डावरीचं हसू मावळलं.

तेवढ्यात पुरुषांची फायनल जिंकलेला लंबू येऊन पुढच्या खुर्चीत धपकन बसला. दोघं रोज सकाळी एकत्र सराव करायचे आणि रोज याच विषयावर भांडायचे. मी पाच सेट उन्हात भाजून निघतो आणि ही दोन सेटमध्ये मोकळी, हे त्याचं म्हणणं. तू हळू जिंकतोस त्याचा दंड मी का भरू, हे तिचं. आम्हाला पाच सेट द्या, पाच खेळू. मागायला गेलं की कोर्ट रिकामं नसतं. पण लंबू जे बोलायचं ते तोंडावर बोलायचा. डावरीला तेवढं पुरे होतं.

"याला ठाऊक असेल का?" आत्या पुटपुटली.

डावरीने समोरच्या त्या लाल झालेल्या मानेकडे बघितलं. तिलाही क्षणभर त्याचा संशय आला, आणि लगेच स्वतःचाच राग आला.

नावं पुकारली गेली. चिटणीस समानतेवर बरंच काही बोलले. क्लबाने आज इतिहास घडवला म्हणाले, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मग फोटोसाठी त्यांनी दोघांना आपल्या दोन बाजूंना उभं केलं आणि टेबलावरची पाकिटं उचलली. उचलताना दोन्ही उलटी करून पाकिटांच्या कोपऱ्यांकडे ओझरतं बघितलं. उजव्या हातातलं डावरीपुढे धरलं, डाव्या हातातलं लंबूपुढे, दोन्ही एका उंचीवर.

"घरी गेल्यावर निवांत उघडा हं," असं ते म्हणाले, आणि डावरीने पुढे केलेला हात थांबवला. तिला आत्याचे डॉक्टर आठवले.

"दोन्ही सारखीच आहेत ना, काका?"

"अगं, म्हणजे काय! अगदी सारखी."

"मग मला ते द्या. हे लंबूला."

माईक चालूच होता, त्यामुळे हे शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. एकच हशा पिकला. लंबूही हसला. मला काय, कुठलंही चालेल, म्हणाला, आणि त्याने डावरीच्या पाकिटाकडे हात केला.

चिटणीसही हसले. आधी फोटो तर होऊ दे, मग बघू, असं काहीतरी म्हणाले. दोघांचे हात पुढेच होते. हशा हळूहळू विरला. डावरीच्या शब्दावर आलेल्या मुली कडेच्या बाकांवरून उठून उभ्या राहिल्या. लंबू एकदा चिटणिसांच्या उजव्या हाताकडे, एकदा डाव्या हाताकडे बघत होता.

"काका, द्या ना," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता.

चिटणिसांनी हात मागे घेतले. दोन्ही पाकिटं पोटाशी घट्ट धरून ते तसेच उभे राहिले.

"साहेब," फोटोवाला म्हणाला, "जरा हसा."