दाराबाहेरची गादी

“उठलीस की गादी गुंडाळून दाराबाहेर ठेवायची, रात्री ती कुणाच्या वाट्याला येईल, सांगता येत नाही,” अनाथाश्रमातल्या मावशी म्हणायच्या. आईविना वाढणाऱ्या एका मुलीला तिच्या घरी राहून शिकवायची नोकरी मला मिळाली, तेव्हा पहिल्याच सकाळी मी नेमाने देवाचं नाव घेतलं आणि सवयीने गादी बाहेर ठेवली. ती पाहून मुलगी रडत आजीकडे धावली. “या बाईसुद्धा निघाल्या सोडून! आणि मी तर अजून एकही खोडी काढली नाही!” आजी लगबगीने आल्या. मी ओशाळून मावशींची शिस्त सांगितली. त्या म्हणाल्या, “अगं वेडाबाई, ही गादी तुझीच. इथे कुणी मागणार नाही.” माझे हात जोडले गेले, देवाला की आजींना, कळलं नाही. “मग राहणार ना? शपथ?” छोटीने विचारलं. “शपथ,” मी म्हणाले आणि सकाळीसकाळी गादी अंथरायला निघाले.